ने पा मोर

जळगावहून धुळ्याला जाण्याला इकडे कोणी प्रवास म्हणत नाही. सकाळी सर्व्हिस मोटारीत बसायचं, दुपारी तोंडावरची धूळ पुसत उतरायचं, झालं. पण पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना नाशिकच्या पलीकडे माणसं राहतात हे अजून पटलेलं नाही, आणि तिकडच्या दोन दिवसांत मी जी घाबरले ती भीतीही अजून अंगातून पुरती गेलेली नाही. म्हणून लिहिते.

आधी पेटीची हकिकत सांगायला हवी. मी जळगावात मुलींच्या शाळेत शिकवते. इथल्या एका जिनिंग प्रेसचा गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि मी एक ग्रामोफोन व तबकड्यांची पेटी घेतली. नाटकातली पदं ऐकायला मिळतील ही आशा. घरी येऊन चावी दिली, सुई टेकवली, तर आतून एक पुरुष खाकरला आणि म्हणाला, ‘बोंजूर, मादाम!’ पेटीत पदं नव्हतीच. घरबसल्या फ्रेंच भाषा शिकण्याचे धडे होते. सोबतच्या इंग्रजी पुस्तकाचा मागचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. दुसरी एखादी कपाळाला हात लावून गप्प बसली असती. पण घेतलेली वस्तू वसूल केल्याशिवाय सोडायची नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. रोज दिवेलागणीला मी चावी देऊन बसू लागले. शेजारीपाजारी म्हणत, बाईंच्या घरात गोरं भूत बोलतं.

त्या तबकड्यांत एक घर आहे. घरात मस्य, म्हणजे यजमान, आणि मादाम, म्हणजे बाईसाहेब. टेबल, खुर्ची, पलंग, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे कपडे, आणि मस्यची टोपी. या टोपीने माझा जीव घेतला. ‘ऊ ए ल शापो द मस्य?’ मस्यची टोपी कुठे आहे? टोपी टेबलावर आहे. ही टोपी आहे का? ‘नों, स ने पा ल शापो.’ नाही, ही टोपी नाही. आणि ‘केस्क से?’ हे काय आहे? हा तर त्यांचा लाडका प्रश्न. त्या घरात कोणी आजारी पडत नाही, कोणी भांडत नाही, कोणी मरत नाही. दिवसभर नुसती टोपी हरवते आणि सापडते. जिवंत फ्रेंच माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

मे महिन्याची सुटी लागली, पुण्याला जायची बांधाबांध झाली, आणि धुळ्याहून तार आली. माझा मावसभाऊ श्रीधर तिथे एका दवाखान्यात डॉक्टर आहे. तारेचा मजकूर इतकाच: फ्रेंच बाई दवाखान्यात, ताबडतोब ये, पेटी आण. माझ्या फ्रेंचवर सगळ्यात जास्त फिदीफिदी हसणारा हाच. तार वाचून मला अभिमान वाटला, आणि मी पुण्याची बांधाबांध सोडून पेटी बाहेर काढली.

एरंडोलच्या वाटेवर

तबकड्या लाखेच्या असतात आणि खानदेशातलं ऊन लाखेला लोणी समजतं. पेटीभोवती मी ओलं लुगडं गुंडाळलं आणि ती मांडीवर, ग्रामोफोन पायाशी घेऊन मोटारीत बसले. शेजारी कपाशीच्या व्यापारातले एक जाडजूड आबा होते. ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले.

“बाई, पेटीमा काय शे?”

“तबकड्या.”

“भजनं शेत का?”

“फ्रेंच शे,” मी म्हटलं. इकडे राहून माझ्याही तोंडात ‘आहे’च्या जागी ‘शे’ बसलं आहे. पुण्यात गेले की आई कानाला हात लावते.

आबांनी मान हलवली. “ऱ्हाऊ द्या. ज्याना त्याना देव.”

एरंडोल जवळ आलं तशी मोटारीतल्या माणसांनी पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेने बसल्याबसल्या हात जोडले. मीही जोडले, आणि ज्या गजाननाला चौदा विद्या येतात त्याने मला पंधरावी थोडीशी द्यावी, असं मनात म्हटलं. गावात घराघरांच्या धाब्यांवर बायका बिबडे वाळत घालत होत्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाड पापड. पुण्याची बाई पापड लाटताना दाराला कडी लावते, नजर लागेल म्हणून. इथे अख्खा गाव एकमेकींच्या गच्चीवर जाऊन लाटतो आणि निम्मे कच्चेच खाऊन टाकतो. मोटार पाणी प्यायला थांबली तेव्हा एका अनोळखी अक्कांनी मला खिडकीतून मूठभर ओले बिबडे दिले. पैसे विचारले तर रागावल्या.

गाव सोडल्यावर रस्त्यात चार माणसं एक खाट उलटी करून, तिचे पाय दोरांनी बांबूला बांधून खांद्यावर नेताना दिसली. खाटेच्या झोळीत कोणीतरी पांघरूण घेऊन पडलं होतं.

“मयत का?” मी दचकून विचारलं.

“नही वो बाई,” आबा म्हणाले. “आजारी मानूस शे. दवाखानामा लई जाई राहिनात. आठे खाट हाईच मोटार.”

आमच्याकडे आजाऱ्याला टांग्यात घालतात. खाट उचलली की ती शेवटचीच. मी तोंड फिरवलं आणि पेटीवरचं लुगडं पुन्हा भिजवलं. पारोळ्याच्या पुढे ऊन असं होतं की ते लुगडं माझ्या डोळ्यांदेखत वाळलं.

धुळे

श्रीधर दवाखान्याच्या पायरीवरच उभा होता. त्याचा चेहरा पाहून मी थट्टा करायची सोडून दिली.

“ताई, आधी ऐक,” तो म्हणाला. “नवरा-बायको फटफटीवरून जगाच्या फेरीला निघालेले. आग्रा रोडने चालले होते. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या चढणीवर फटफटी घसरली. बाई रस्त्याच्या कडेला फेकली गेली, ती गाडीवाल्यांना सापडली. त्यांनी शिरपूरला आणली, तिथून इथे. नवरा नाल्यात पडला असावा. हवालदाराला नाल्यात फटफटी सापडली, रक्त सापडलं. माणूस नाही.”

“मग?”

“मग काय? वाघाने नेला, असं लिहून त्याने शोध थांबवला. उद्या सकाळच्या गाडीने बाईला मुंबईला त्यांच्या वकिलातीकडे पाठवायचं ठरलं आहे. आणि हिने मोरांचा ध्यास घेतला आहे.”

“कशाचा?”

“मोरांचा. शुद्धीवर आल्यापासून एकच. ‘ने, पाहा मोर. ने, पाहा मोर.’ एवढं मराठी कुठे शिकली कोण जाणे. गाडीवाल्यांनी बिचाऱ्यांनी वाटेत तिला मोर दाखवलेसुद्धा. तर ती ओरडायला लागली. डोक्याला मार आहे, ताई. तिला नवऱ्याचं नीट समजावून सांग, म्हणजे शांतपणे जाईल. एवढ्यासाठी तुला बोलावलं.”

म्हणजे एका बाईला तिचा नवरा गेल्याचं मी सांगायचं होतं, आणि तेही टोपी-टेबलाच्या फ्रेंचमध्ये. ‘गेला’ला फ्रेंच शब्द काय हेदेखील मला ठाऊक नव्हतं. परत फिरावंसं वाटलं, हे लपवत नाही.

बायकांच्या खोलीत शेवटच्या खाटेवर ती होती. माझ्याच वयाची असेल. कपाळाला पट्टी, केस कापलेले, ओठ उन्हाने फुटलेले. उशाला कोणीतरी प्रेमाने मोरपिसांचा झुबका ठेवला होता. खाटेखाली एक पुरुषी टोपी होती, मोठ्या काठाची, एका बाजूने चेपलेली. शेजारच्या खाटेवर नरडाण्याकडच्या काशीअक्का होत्या, हात मोडलेल्या. बोलण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं.

“बठ्ठा दिन एकच म्हनस ती, बाई. ने पा मोर, ने पा मोर. आम्हीबी म्हनतस तिनासंगे. तितलंच तिले बरं वाटस.”

खोलीतल्या बायकांनी मला ऐकवण्यासाठी एका सुरात म्हणून दाखवलं, “ने पा मोर!” फ्रेंच बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी सरळ ग्रामोफोन मांडला, चावी दिली, पहिली तबकडी लावली. उन्हाने तिचा काठ वर वळला होता. सुई होडीसारखी वरखाली होऊ लागली आणि मस्य दारू प्यायल्यासारखा म्हणाला, ‘बों-ओं-ओंजूर, मा-आ-दाम!’

ती ताडकन उठून बसली. तबकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला रडू फुटलं. मग ती बोलायला लागली. तापीला पूर यावा तसं बोलणं. तबकडी समजली नाही तर मी सुई उचलून मागे ठेवत असे. जिवंत माणसाची सुई कुठे असते? मी दोन्ही हात जोडले. ती थांबली. माझा दंड धरून एक-एक शब्द सुटा करत म्हणाली, “इल. ने. पा. मोर.”

‘ने पा’ तर माझ्या रोजच्या ओळखीचं! स ने पा ल शापो, ही टोपी नाही. इल म्हणजे तो. इल ने पा, तो नाही. तो मोर नाही.

“श्रीधर,” मी म्हटलं, “ही मराठी बोलत नाहीये. ‘ने’ आणि ‘पाहा’ काही नाही त्यात. ती म्हणते आहे की तो काहीतरी नाही.”

“काय नाही?”

“मोर.”

श्रीधरने माझ्याकडे असं पाहिलं की आता खाट माझ्यासाठीही लागणार.

“केस्क से, मोर?” मी बाईला विचारलं. मोर म्हणजे काय? तिने डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली, हात सैल सोडला. मग डोळे उघडून जोरजोराने बोट हलवलं, नाही, नाही.

“झोप येत नही म्हनस,” काशीअक्कांनी लगेच अर्थ लावला. “ते तं पयल्या दिनफाईन करस ती.”

“हो, म्हणून तर मी तिला रोज झोपेचं औषध देतोय,” श्रीधर म्हणाला. मग घड्याळाकडे बघत आवाज खाली आणला. “ताई, वेळ कमी आहे. स्पष्ट सांग तिला. म्हणावं, प्रेत मिळालं असतं तर मॉर्च्युरीत ठेवलं असतं, तुम्हाला दाखवलं असतं. पण...”

“काय म्हणालास? कशात ठेवलं असतं?”

“मॉर्च्युरीत.”

मी खाटेचा दांडा धरला. मॉर्च्युरी. मॉर्टल. मोर. माझ्या तबकडीतल्या घरात कोणी मरतच नव्हतं, मग शब्द कुठून येणार? मी तिच्यासारखी मान टाकली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली, आणि विचारलं, “मोर?”

“वी! वी!” ती ओरडली. होय, होय. “इल ने पा मोर!”

तो मेलेला नाही. इतके दिवस ती हेच सांगत होती, आणि आम्ही सगळे शहाणे तिला मोर दाखवत होतो, पिसं आणून देत होतो, झोपेचं औषध पाजत होतो. मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की आधी कोणाचा राग करावा तेच कळेना.

तो जिवंत आहे हे हिला कसं कळलं? “ऊ ए मस्य?” मी विचारलं. मस्य कुठे आहे? सुदैवाने तिच्या उत्तरातले तीन-चार शब्द माझ्या घरातलेच निघाले. द्य ओम, दोन पुरुष. फाम, बाई. रूज, तांबडं, हे म्हणताना तिने माझ्या लुगड्याला हात लावला. आणि ली. ली म्हणजे पलंग.

“वरून पाहिलं तिने,” मी श्रीधरला सांगितलं. “नाल्यात दोन पुरुष आणि तांबड्या लुगड्याची एक बाई आली. त्यांनी त्याला पलंगावर घातलं.”

“सातपुड्याच्या रानात पलंग? ताई, तापात दिसतं असं. मी रोज पाहतो.”

तेवढ्यात मला एरंडोलच्या वाटेवरचं ते ओझं आठवलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, “पलंग नव्हे, खाट! उलटी खाट! मी कालपरवा नाही, आज सकाळी पाहिली. मेलेल्याला कोणी खाटेवर घालून घरी नेतं का? आजाऱ्याला नेतात. आणि वाघ काही खाट घेऊन येत नाही, श्रीधर.”

त्याने पिशवीत पट्ट्या, औषधं भरली आणि हवालदाराला बोलावणं धाडलं. निघताना बाईने खाटेखालची टोपी छातीशी धरली होती. मी तिला काही आशा द्यायला हवी होती, पण तसं वाक्य मला येत नव्हतं.

शिरपूरच्या पुढे

श्रीधरची मोटार ड्रायव्हर चालवत होता. हवालदार मूळचे साताऱ्याकडचे, पुढच्या बाकावर फुगून बसलेले. लिहून दिलेला वाघ एका मास्तरणीने परत मागितला, याचं त्यांना वाईट वाटणं साहजिक होतं. काशीअक्कांच्या सुनेने कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. एरवी मी ती तीन खाईन. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला. तापीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती, आणि पलीकडे सातपुडा उन्हात निळा पडला होता. त्या डोंगरात एक माणूस मोडून पडला असेल, किंवा आपण पोचेपर्यंत तिचं वाक्य खोटं ठरलं असेल, हा विचार काही केल्या जाईना.

अपघाताची जागा हवालदारांनी दाखवली. नाल्यात फटफटी अजून तशीच. वरच्या अंगाला पायवाट गेली होती.

पहिल्या पाड्यावर कोणीच नव्हतं, माणसं टेंभुर्णीची पानं तोडायला गेलेली. दुसरा पाडा बराच वर. कुडाच्या भिंती, अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली की आमच्या पेठेतल्यांनी येऊन बघावं. हवालदारांचा पट्टा दिसताच बायका आत गेल्या. एक म्हातारा पुढे आला. तो आपल्या माणसांशी डोंगरातली बोली बोलत होता, आमच्याशी मोडकीतोडकी खानदेशी.

“साहेब नही आठे. आम्ही काही देखं नही.”

“मागेही हेच बोलला,” हवालदार म्हणाले. “चला, खातरी झाली ना?”

म्हातारा आमच्याकडे न बघता हवालदारांच्या हातातल्या काठीकडे बघत होता. मला एवढंच दिसलं, आणि त्यावरून एवढंच कळलं, की हा माणूस खोटं बोलत नसेलही, पण घाबरला नक्की आहे. खोपटी आठ-दहाच होती. झडती घ्या म्हटलं असतं तर हवालदार आनंदाने घ्यायला तयार होते. पण माणसं जखमीला उचलून मागच्या रानात नेतील, आणि मग तो खरोखरच मरेल.

मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पदर खोचला. पुण्याच्या नव्या-जुन्या सगळ्या आत्याबाईंना मनातून नमस्कार केला आणि शाळेच्या पटांगणात लावते तो आवाज लावून ओरडले. ओरडले काय? कुठे आहात, तुम्हाला न्यायला आलो आहोत, घाबरू नका, यातलं काहीएक मला येत नव्हतं. ‘कुठे’ची एकच गोष्ट मला पाठ होती.

“ऊ ए ल शापो द मस्य?”

मस्यची टोपी कुठे आहे?

पाडा चिडीचूप. एक कोंबडी पळाली. श्रीधरने हळूच माझ्या कोपराला धरलं. मी हात झटकला.

“ऊ! ए! ल शापो! द मस्य!”

आणि टोकाच्या खोपटातून, मोहाच्या टोपल्यांच्या आडून, एक घोगरा आवाज आला. आधी हसला, मग कण्हला, मग म्हणाला, “से मा फाम की ला!”

से, म्हणजे शे. मा फाम, माझी बायको. टोपी माझ्या बायकोपाशी शे!

श्रीधर पळत सुटला. मी मागोमाग गेले आणि दारातच बसले. आत मस्य पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, पण बांबूच्या कामट्या घट्ट बांधून पाय सरळ ठेवलेला. अंग तापलेलं, दाढी वाढलेली. उशाशी पाण्याचं गाडगं आणि अर्धी भाकरी. तांबड्या लुगड्याची बाई दाराआड रडत उभी होती.

म्हातारा माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. “मरी जाता तं पोलीस आम्हले बांधी नेतात, बाई. म्हनीसन खोपटामा दपाडी ठेवं. बरा व्हता तं आम्हीच आनी देतूत.”

हवालदार काही बोलणार होते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात शेवटच्या बाकाकडे पाहते तसं. ते बिडी ओढायला पलीकडे गेले.

श्रीधर म्हणाला, याला मोटारीत हिसके बसता कामा नयेत. पाय नीट बांधून उद्या माणसांच्या खांद्यावरून खाली आणू, मग सावकाश नेऊ. पण बाईची गाडी सकाळची! मुंबईला गेली की तिथून तिला बोटीत बसवणार. पाड्यातच आम्ही पाठ टेकली आणि तांबडं फुटताच मी ड्रायव्हरला घेऊन निघाले. मस्य बरंच काही सांगत होता. त्यातलं मला ‘मा फाम’ एवढंच समजलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

परत धुळे

सोनगीरच्या अलीकडे टायर फुटलं. ड्रायव्हर शांतपणे पान खात जॅक लावत होता आणि मी रस्त्यात येरझारा घालत होते. त्याने मला सोनगीरची तांब्याची भांडी किती नामी असतात ते सांगितलं. त्या भांड्यांतलंच एक त्याच्या डोक्यात घालावंसं मला वाटलं, हे त्याला आता हे वाचूनच कळेल.

दवाखान्याच्या दारात टांगा उभा होता. आत बाई कपडे करून खाटेवर बसली होती, बोचकं बांधलेलं, मांडीवर टोपी. तोंडावर काहीच नव्हतं, ना रडणं ना राग. मी धावत जाऊन तिचे खांदे धरले आणि आयुष्यात प्रथमच एक पूर्ण, खरं, कामाचं फ्रेंच वाक्य बोलले.

“इल ने पा मोर!”

ती हललीसुद्धा नाही.

“ने पा मोर!” खोलीतल्या बायकांनी मागून साथ दिली. काशीअक्का म्हणाल्या, “म्हना, म्हना बाई. तिले बरं वाटस.”

तेव्हा मला कळलं काय झालं होतं ते. तिचंच वाक्य या मायाळू बायकांनी रात्रंदिवस तिला म्हणून दाखवलं होतं. त्यात आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं काय आणि काशीअक्कांनी म्हटलं काय, तिच्या लेखी एकच. मी पुन्हा म्हटलं, हातवारे केले, डोंगराकडे बोट दाखवलं. तिने माझा हात थोपटला. माझी समजूत घालत होती ती! आणि उठून बोचकं उचललं. टांगेवाल्याने घंटी वाजवली.

आता मी काय बोलावं? तबकडीतल्या त्या घरात होतं नव्हतं ते सगळं शोधलं आणि हाताला पुन्हा तीच वस्तू लागली.

“ऊ ए ल शापो द मस्य?” मी म्हटलं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. हातातली टोपी वर करून दाखवली. ही काय.

“वी,” मी म्हटलं. मग डोंगराकडे बोट केलं, मांडीवर हात आपटून हाड मोडल्याची खूण केली, आणि त्याचाच घोगरा आवाज काढून, त्याच्यासारखीच आधी हसून, मग कण्हून म्हटलं, “मस्य दी: से मा फाम की ला.”

मस्य म्हणाले, ती माझ्या बायकोपाशी आहे.

चढणीच्या आधी ऊन लागतं म्हणून त्याने स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली होती, हे मला पुढे कळलं. ते त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक असणार? ती माझ्याकडे बघत राहिली. बोचकं हातातून पडलं. टोपीचा काठ दोन्ही हातांनी असा दाबला की चेपलेली बाजू परत वर आली.

“काय म्हने वो बाई? काय म्हने?” काशीअक्का मोडका हात सावरत खाटेवरून उतरल्या.

“तिचा नवरा,” मी म्हटलं. “डोंगरात. जित्ता शे.”

“जित्ता शे!” काशीअक्कांनी खोलीला वर्दी दिली. “आयक्यात का व? धनी जित्ता शे तिना!”

बायकांनी एकच गलका केला. जिला बसवत नव्हतं तीही उठून बसली. मादाम त्या सगळ्यांकडे वळली. इतके दिवस तिच्या तोंडचे शब्द त्यांनी म्हटले होते. आता तिने त्यांचे घेतले. टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि मोठ्याने, माझ्या पेटीतल्या कुठल्याही तबकडीवर नाही असं, म्हणाली,

“जित्ता शे.”